पिन बसली म्हणजे झालं?

मालवणच्या बाजारात विजेच्या सामानाचं दुकान चालवणारा एक जण माझा विद्यार्थी आहे. मी देवबागहून एसटीने येऊन हायस्कूलात विज्ञान शिकवायचे, तेव्हा तो माझ्या वर्गात होता. मुलगा हुशार. विद्युतदाब म्हणजे काय, हे त्याला मीच शिकवलं आणि परीक्षेत त्याने ते व्यवस्थित लिहिलंही होतं. त्याच्या दुकानात मला मिळालं तसं उत्तर दुसऱ्या कोणी दिलं असतं तर मी मुकाट्याने घरी आले असते. त्याने दिलं म्हणून माझ्या डोक्यात सणक गेली, आणि ती अजून पुरती उतरलेली नाही.

आमची मुलगी कॅनडात असते. तिचं पहिलं बाळंतपण होतं आणि आम्ही दोघं जायचं ठरलं होतं. दिवस नेमके तिथल्या थंडीचे. माझ्या नवऱ्याला दमा आहे. तो जहाजावर होता. वर्षानुवर्षं गंज खरवडणं आणि रंग मारणं हे त्याचं काम, आणि ते सगळं छातीत जाऊन बसलं. एरवी तो तोंडात मारायच्या पंपावर निभावतो. पण दम फारच चढला की नेब्युलायझर लावावा लागतो. त्याला आमच्या घरात ‘वाफेचं मशीन’ म्हणतात. मशीनमधला पंप हवेच्या जोराने पातळ औषधाचं धुकं करतो आणि ते मास्कमधून आत ओढायचं. त्या मशीनवर आमचं घर किती वेळा तरलं आहे ते मलाच ठाऊक.

म्हणून बॅगा काढायच्या आधी मी ते मशीन उलटं करून त्याच्या पोटावरची चिठ्ठी वाचली. २३० व्होल्ट. एवढंच. आमच्या फोनच्या चार्जरवर १०० ते २४० असं लिहिलेलं असतं, म्हणजे तो जगात कुठेही लावला तरी चालतो. मशीनवर तसं काही नव्हतं. कॅनडात घरातल्या प्लगमध्ये एकशेवीसच्या आसपास दाब असतो. म्हणजे आपल्या निम्मा. आपलं मशीन तिथे लावलं तर ते जळणार नाही, पण त्याचा पंप उपाशी राहील. हे समजायला कोणी मोठा इंजिनिअर लागत नाही. नववीचं पुस्तक पुरतं.

आम्ही दोघं त्या दुकानात गेलो. मी मशीन पिशवीतून काढून काउंटरवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. दमा, कॅनडा, निम्मा दाब. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मागच्या फळीवरून एक चौकोनी डबी काढली आणि ती माझ्यासमोर न ठेवता माझ्या नवऱ्यासमोर ठेवली.

“काका, ह्यो घेवा. वर्ल्ड अ‍ॅडाप्टर. खंयच्याय देशात चलता.”

डबीला चारी बाजूंनी सरकणाऱ्या पिना होत्या. नवऱ्याने एकेक पिन पुढे काढून, आत ढकलून बघितली. त्याच्या चेहऱ्यावर नवं खेळणं मिळाल्याचा आनंद.

मी म्हटलं, “रे, ह्यो फक्त पिनांचो आकार बदलता. दाब तसोच रवता. मी दाबाचा इचारतंय.”

“बाई, तां काय बघूची गरज नाय. ह्येच्यात सगळा येता.”

“काय सगळा येता? उघडून दाखव माका.”

तो हसला. माझ्या नवऱ्याकडे बघून हसला. आणि नवराही हसला! दोन पुरुषांचं ते हसू मी चांगलं ओळखते. शाळेच्या मीटिंगमध्ये मी काही विचारलं की ते टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचं. पण तिथे निदान माझ्या घरचं माणूस नसायचं.

“अगो,” नवरा म्हणाला, “मी जग फिरलंय. खंयच्या बंदरात माजो रेझर बंद पडूक नाय.”

“अवो, तुमचो रेझर सेलावर चलत होतो!”

दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. ती आता उघडपणे ऐकू लागली. नवऱ्याला ते लागलं असावं. त्याने पैसे टाकून डबी घेतली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. दुकानदाराने मशीन पुन्हा माझ्या पिशवीत घालून दिलं, अगदी आदराने, दोन्ही हातांनी. “बाई, काय एक होवचा नाय,” म्हणाला. मला वाटलं, खडू हातात असता तर फेकून मारला असता. शिकवत होते तेव्हा कधी कोणाला मारला नव्हता.

रविवारी मुलीशी व्हिडिओवर बोलताना मी तोच विषय काढला. ती बिचारी सुजलेले पाय उशीवर ठेवून बसलेली. तीही म्हणाली, “आये, कित्याक डोक्याक ताप करून घेतंस? माजो थंयचोच लॅपटॉप हंय चलता मा!”

लॅपटॉपच्या चार्जरवर काय लिहिलंय ते वाच, म्हटलं, तर तिला उठायचा कंटाळा. मागून नवरा म्हणाला, “सांग गो तिका, माजा तर आयकणाच नाय.” आणि मग बाप-लेकीची माझ्यावर थट्टा सुरू झाली. मुलगी म्हणे, आई कुठेही गेली की आधी बोर्डावरची बटणं मोजते वगैरे. मी पानं वाढायच्या निमित्ताने उठून आत गेले.

मला इथे एक सांगायचं आहे. ही भीती मी हवेतून काढली नव्हती. आम्ही देवबागला घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. मागे एक परदेशी जोडपं उतरलं होतं. त्या बाईने केस सरळ करायचा चिमटा तिच्या देशातून आणला होता, आमच्याकडच्या दुकानांतून मिळतात तसल्या एका डबीवर तो लावला आणि खोलीभर जळका वास सुटला. तो चिमटा कमी दाबाचा, आमची वीज दुप्पट. चूक तिची होती. पण तिने जाताना इंटरनेटवर लिहिलं की इथली वीज धोकादायक आहे. आणि माझ्या नवऱ्याने, जो जग फिरलाय, त्याने हात जोडून तिची माफी मागितली! आमच्या विजेबद्दल! मी तेव्हाही चिमट्यावरची चिठ्ठी त्याच्यापुढे धरली होती. त्याने चष्मा नाही म्हणून सांगितलं.

तर मी माझ्या परीने तोड काढली. ओरोसला आमचे छातीचे डॉक्टर बसतात, त्यांच्याकडे प्रवासाची चिठ्ठी आणायला गेलो होतो, तिथे मी विचारलं. त्यांनी सांगितलं की मुठीत मावणारं छोटं नेब्युलायझर मिळतं, आतल्या बॅटरीवर चालतं आणि फोनच्या चार्जरने चार्ज होतं. यांचं औषध त्यात चालेल. “मात्र निघण्यापूर्वी दोन-चारदा वापरून सवय करून घ्या,” असंही ते म्हणाले. ते मी मागवलं. चार्जर हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली. १०० ते २४०. मला इतकं बरं वाटलं की मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

त्याने ते उचलून बघितलं. “ह्यां खेळणां? ह्येच्यानं माजो दम जातलो?” सवय करून घ्यायला त्याने साफ नकार दिला. मीच एकदा मिठाचं पाणी घालून माझ्या नाकातोंडाला लावून बघितलं. धुकं छान येत होतं आणि आवाज जवळजवळ नव्हताच. आवाज नाही, हीच त्याची तक्रार. मशीन कसं, घरघरलं पाहिजे.

जुनं मशीन न्यायचं नाही असं मी निक्षून सांगितलं होतं. वजनाला ते जड आणि आमच्या बॅगा आधीच भरलेल्या. मुलीला हवं म्हणून कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, कोकमाच्या आगळाची बाटली, बाळंतिणीसाठी डिंक नि अळीव असं सगळं मी मापून भरलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी बॅग तोलली तर जास्त भरली. नवरा म्हणाला, मी बघतंय, तू जा आंघोळीक. मी गेले.

कॅनडात पोचून मुलीच्या घरी बॅग उघडली तेव्हा कळलं. कुळथाचं पीठ नव्हतं. मसाल्याची एक पिशवी नव्हती. त्यांच्या जागी लुंगीत गुंडाळलेलं वाफेचं मशीन होतं आणि त्याच्या कुशीत ती चौकोनी डबी.

मुलगी बॅगेत हात घालून विचारत होती, “आये, पिठी खंय?” आणि मी त्या मशीनकडे बघत होते. नवरा खिडकीपाशी जाऊन बर्फ बघू लागला. मी त्या वेळी बोलले नाही. मुलीचे दिवस भरत आलेले, घरात जावई, तमाशा नको. पण कुळथाची पिठी बाहेर काढून हे आत घातलं, ही गोष्ट मी गिळू शकले नाही. माझं पीठ तिच्या पोटात गेलं असतं. हे मशीन कोणाच्या उपयोगी पडणार होतं?

आठवडा बरा गेला. मग एके सकाळी मुलगी आणि जावई दवाखान्यात तपासणीला गेले आणि नवऱ्याला फिरायला जायची हुक्की आली. ऊन पडलं होतं, म्हणून त्याला वाटलं हवा चांगली आहे. कानटोपी घातली, पण नाकातोंडावर गुंडाळायचा पट्टा घरीच ठेवून गेला. मी भांडी आवरत होते. दार उघडल्याचा आवाज आला तो मला बरोबर वाटला नाही. बघते तर तो दाराच्या चौकटीला धरून उभा, खांदे वर आलेले आणि श्वास शिट्टीसारखा.

तोंडातला पंप मारला. पुन्हा मारला. उतार पडेना. मी छोटं मशीन आणायला आत वळले तोवर तो भिंतीला धरत त्याच्या बॅगेपाशी पोचलासुद्धा. मी परत येते तर जुनं मशीन टेबलावर, डबीच्या दोन चपट्या पिना भिंतीत गेलेल्या आणि औषधाची कुपी तो फोडत होता.

“अवो, तां चलाचा नाय. ह्यां घेवा.”

त्याने हातानेच मला बाजूला केलं. बोलायला दम नव्हता. बटण दाबलं. मशीनमधून एक कण्हल्यासारखा आवाज आला, म्हाताऱ्या मांजराने कूस बदलावी तसा. मास्कमध्ये काही नाही. धुक्याचा एक धागा नाही. त्याने नळी झटकली, मशीनवर थाप मारली, पिन काढून परत लावली. पिन अगदी घट्ट बसली होती. आणि मग त्याने माझ्याकडे बघितलं, अशा नजरेने, जणू मीच ते बिघडवून ठेवलं होतं.

पुढचं मी कसं केलं ते मला नीट सांगता येणार नाही. मी त्याच्या तोंडावरून तो मास्क ओढून काढला. कुपीतलं उरलेलं औषध छोट्या मशीनमध्ये ओतलं आणि त्या मशीनचा मास्क त्याच्या नाकातोंडावर दाबून धरला. दुसऱ्या हातात फोन होता. तिथल्या ॲम्ब्युलन्सचा नंबर मुलीने फ्रिजवर लावून ठेवला होता. मी तो दाबून तयार ठेवला; ओठ आणखी निळे झाले असते तर लावणारच होते. धुकं येऊ लागलं. पांढरं, भरपूर, बिनआवाजाचं. “ओढा,” मी म्हणत होते. “ओढा. आणखी ओढा.” शाळेत कवायत घेताना बोलायचे तशा आवाजात.

हळूहळू खांदे खाली आले. शिट्टी कमी झाली. कपाळावर घाम फुटला आणि तो खुर्चीत मागे टेकला. मी फोन खाली ठेवला. लोकांना वाटेल मी घाबरले होते. भीती होतीच. पण भीतीच्या खाली जे होतं ते निव्वळ संताप होता. एवढं सगळं मी आधी वाचलं होतं, विचारलं होतं, सांगितलं होतं, सोयही केली होती. आणि तरी या माणसाने मरायची वेळ आली असताना माझ्यापेक्षा त्या डबीवर विश्वास ठेवला.

दुपारी मुलगी आणि जावई परत आले. बापाचा चेहरा बघून मुलगी घाबरली. नवरा म्हणाला, “काय नाय गो, माका जरा दम लागलो. मशीन लावलंय, बरा वाटला.”

मशीन लावलंय! कोणतं मशीन, कोणी लावलं, काही नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी मुलीला सगळं सांगितलं, न ओरडता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जावयाने उठून जुन्या मशीनच्या पोटावरची चिठ्ठी वाचली. मुलगी उठली आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. लॅपटॉपचा विषय तिने पुन्हा काढला नाही. नवरा मात्र एकच वाक्य म्हणाला. “पण पिन बरोबर बसली होती.”

आणि याच्यावरही कडी झाली. दोन दिवसांनी त्याला त्या दुकानदाराचा फोन आला. दोघांचा संध्याकाळी जेटीवर गळ टाकून बसायचा दोस्ताना आहे, म्हणून खुशाली विचारायला. मी शेजारीच भाजी चिरत होते. फोन स्पीकरवर. तिकडून विचारलं, “काका, अ‍ॅडाप्टर कसो काय?” आणि माझा नवरा म्हणाला, “एकदम फस्क्लास!”

मी सुरी ठेवली आणि फोन उचलला.

“मशीन चालला नाय रे,” मी म्हटलं. “तुज्या काकांचो जीव जायत होतो. मशीन चालला नाय.”

पलीकडून तो म्हणाला, “पण बाई, पिन बसली मा?”

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. जावई दुसऱ्या खोलीतून उठून आला एवढं खरं. मी त्याला म्हटलं की वर्ल्ड लिहिलेली डबी तू विकतोस, ती सगळ्या जगात बसते, पण जगात सगळीकडे वीज सारखी नाही हे तू गिऱ्हाइकाला सांगत नाहीस; आणि फोनवाल्याचं काही बिघडत नाही म्हणून दमेकऱ्यालाही तीच डबी देतोस. तो ऐकत होता. शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, “बाई, लोकां इचारतत तां फक्त पिन बसता काय नाय तां. दाबाचा कोण इचारणाच नाय.”

“मी इचारलंय,” मी म्हटलं.

त्याच्या दुकानातल्या पंख्याचा आवाज मला फोनमधून येत होता.

“मी इचारलंय ना रे? तुज्या काउंटरावर मशीन ठेवून इचारलंय. तू कोणाकडे बघून हसलंस?”

“चुकला बाई,” तो म्हणाला. मग, “माका वाटला, काकांका म्हायती आसतला. ते भायर फिरलेले.”

हे त्याने खरं सांगितलं, म्हणून मी फोन ठेवला. नवरा हे सगळं ऐकत होता. तो उठला, त्याने ती डबी भिंतीतून काढली आणि स्वतःच्या फोनचा चार्जर तिच्यात लावून पुन्हा भिंतीत बसवली. फोन चार्ज होऊ लागला. डबीचा हा उपयोग बरोबर होता आणि त्याला मला तेवढं तरी दाखवायचं होतं. त्यानंतर छोटं मशीन त्याच्या उशाशी असायचं. ते मी ठेवत नव्हते, तोच ठेवायचा. पण “तुझं बरोबर होतं” हे तीन शब्द त्याच्या तोंडून आले नाहीत, आणि नात झाल्याच्या आनंदातही मी त्यांची वाट बघत राहिले हे मी लपवणार नाही.

आम्ही देवबागला परत आलो. काही दिवसांनी खाडीच्या बाजूला राहणाऱ्या भाभी आल्या. त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या मासळीच्या व्यापारातलं. त्यांचा मुलगा दुबईत असतो, त्याच्याकडे त्या पहिल्यांदाच जाणार होत्या. गुडघ्याला शेकायची विजेची पट्टी तिथे चालेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी आत चहा टाकत होते. पडवीतून नवऱ्याचा आवाज आला.

“भाभी, पिन बसली म्हणजे झाला असा नसता. पिन वेगळी आणि दाब वेगळो. अ‍ॅडाप्टर फक्त पिनांचो आकार बदलता. दाब तसोच रवता.”

माझे शब्द. अक्षरशः माझे, त्याच क्रमाने. आवाज मात्र जग फिरलेल्या माणसाचा. मी गॅस बारीक केला आणि दारात येऊन उभी राहिले.

भाभींनी मान डोलावली. “मग दुबयत दाब कितको?”

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी ताबडतोब उत्तर देऊ शकले असते. दिलं नाही. चहाचा वास पडवीभर पसरेपर्यंत मी त्याला तसंच बसू दिलं. भाभी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या.

“तिका इचारा,” शेवटी तो म्हणाला. “तिका म्हायत आसा. माका नाय.”

मी भाभींच्या शेजारी जाऊन बसले, पट्टी पिशवीतून काढून मागितली आणि तिच्या टोकाला शिवलेली चिठ्ठी उजेडात धरली. दुबईत दाब आपल्याएवढाच असतो, पिना तेवढ्या वेगळ्या, जाड आणि चौकोनी. भाभींना मी तसं सांगितलं. पट्टी बिनघोर न्या, फक्त पिन बदलायची डबी लागेल.

“म्हणजे अ‍ॅडाप्टरच!” नवरा मांडीवर थाप मारून म्हणाला. “मी काय सांगी होतंय?”

भाभी हसल्या. मला हसू आलं नाही. मी आत जाऊन चहा गाळला आणि त्याच्या कपात साखर घालायची राहिली होती; लक्षात आलं तरी मी ती घातली नाही.